न फिरणारं पातं

मायच्या हाताचं प्लास्टर काढायला मी, माय आणि बायको वाशीमच्या दवाखान्यात गेलो, आणि ऐन वेळेला मी मायला त्या खोलीत सोडून बाहेर निघून आलो.

दीड महिन्यापूर्वी माय आमच्या मेडशीच्या घरात बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडली होती. हात टेकवायला गेली आणि उजवं मनगट मोडलं. त्या दिवशी प्लास्टर काढायचं होतं. काढणारा माणूस पन्नाशीचा, शांत, कमी बोलणारा. त्याने मायचा हात टेबलावर उशीवर ठेवला, एक छोटी मशीन उचलली आणि बटन दाबलं. बारीक, चढा, दात शिवशिवणारा आवाज खोलीत भरला. मायने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पानी घेऊन येतो," आणि दाराकडे वळलो.

"बाबू, कुठी चालला रे?" मागून तिचा आवाज आला.

मी थांबलो नाही. जिना उतरलो, मोटारसायकली लावतात तिथे जाऊन उभा राहिलो. डावा हात पँटच्या खिशात होता. तो आवाज तिथपर्यंत येत नव्हता, पण मला ऐकू येतच होता.

माझ्या डाव्या हाताला तर्जनी आणि मधलं बोट नाही. अकरा वर्षं झाली. तेव्हा मी सुतारकाम करायचो. आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावात, एका घरी दाराची चौकट बसवत होतो. ग्राइंडरला लाकूड कापायची चकती लावली होती. चकतीवरचं पत्र्याचं कव्हर काढून ठेवलं होतं, कारण कव्हर असलं की चकती कोपऱ्यात जात नाही. आम्ही सगळेच काढायचो. लाकडात एक जुना खिळा होता. चकती त्याला लागली आणि मशीन हातातून उसळली. दुखलं नाही. आधी फक्त हात ओला लागला. मग घरमालकीण ओरडली, म्हणून मी खाली पाहिलं.

त्यानंतर मी चालू मशीनला हात लावला नाही. हत्यारांची पेटी माळ्यावर गेली. आता मी मालेगावच्या सेतू केंद्रात बसतो, लोकांचे उत्पन्नाचे दाखले काढून देतो, पीक विम्याचे फॉर्म भरतो. समोर माणूस असला की डावा हात कीबोर्डच्या आड ठेवतो. ती सवय इतकी मुरली आहे की आता ठेवावा लागत नाही, तो आपोआप तिथे जातो.

प्लास्टर काढून माय आणि बायको खाली आल्या. मायचा हात वाळलेल्या शेंगेसारखा झाला होता. माझ्या हातात पाण्याची बाटली नव्हती, हे दोघींनीही पाहिलं.

घरी आल्यावर खरी अडचण सुरू झाली. आमचं बाथरूम म्हणजे आधीची धान्याची खोली. संडास-बाथरूम आत घेतलं तेव्हा खोलीची जुनी सागवानी चौकट तशीच ठेवली होती, उंबऱ्यासकट. उंबरा चांगला दीड हात लांब, चार बोटं उंच, खालून फरशीत रुतलेला. इतकी वर्षं आम्ही तो न बघता ओलांडत होतो. प्लास्टर होतं तोवर मायला बायको धरून आत न्यायची. आता माय त्याच्यासमोर येऊन उभी राहायची आणि तिचा पाय उचलायचाच नाही. एक हात भिंतीला, दुसरा पोटाशी धरलेला. आम्ही धरायला गेलो की चिडायची.

"धरू नका मले. मी का लेकरू हाये?"

आठवडाभरात बायकोच्या लक्षात आलं की सकाळी भरून ठेवलेला मायचा तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असतो. माझी बायको गावातल्या अंगणवाडीत आहे, कोण किती खातं-पितं यावर तिची नजर असते. तिने मायला विचारलं. माय म्हणाली, तहान लागत नाही. दोन दिवसांनी तिला लघवीला जळजळ सुरू झाली, अंगात कणकण आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "पाणी पीत नाही का ह्या?"

बाहेर येऊन बायको मला म्हणाली, "तिले उंबरा ओलांडायचा भेव हाये. म्हनून पानी पीत नाई. आतमदी जावंच लागू नाई म्हनून."

उंबरा काढायचा हे त्याच दिवशी ठरलं. बाथरूमच्या फरशीला उतार देणारे मिस्तरी आमच्या ओळखीचे. ते आले, वाकून उंबरा पाहिला, अंगठ्याने ठोकला.

"सागवान हाये भाऊ. ग्राइंडर आनतो परवा. दोन्ही बाजूनं चिरला की मधातला तुकडा सब्बलीनं उपसून घेऊ. पाच मिन्टाचं काम."

"ग्राइंडर नको," मी म्हटलं.

"मंग कायनं कापता?"

ते म्हणाले, नाहीतर पूर्ण चौकटच काढू. पण ती चौकट जुन्या विटा-मातीच्या भिंतीत आहे. ती हलवली की वरची भिंत आली. मिस्तरींचं पुढचं काम ठरलेलं होतं. परवा दहा वाजता येतो म्हणून ते गेले.

त्या दुपारी बायको घरी नसताना मी माळ्यावरची पेटी उतरवली. करवतीला गंज होता, पण दात शाबूत होते. करवतीने वरचं लाकूड चिरता आलं असतं, पण अर्ध्यावर गेल्यावर दात फरशीला लागणार आणि खालचं रुतलेलं लाकूड राहणार. मग पटाशी आणि हातोडी घेतली. डाव्या हातात पटाशी धरली. उरलेल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात ती सरळ राहीना. दुसऱ्या घावाला वळली, तिसऱ्या घावाला चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून मूठभर माती खाली पडली. चौथा घाव घातला नाही. माती झाडून टाकली आणि पेटी पलंगाखाली सरकवली. माय मधल्या खोलीत खाटेवर पडली होती. तिला झोप लागली असेल असं मी धरून चाललो होतो.

"राहू दे, बाबू," ती आतून म्हणाली. "मी बाहीर जात जाईन."

संध्याकाळी बायकोला मी सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली.

"दवाखान्यातल्या मशीनसारखी मशीन लाकडासाठी नसते का?"

"कोनती मशीन?"

"प्लास्टर कापाची. तुमी बाहीर होते." हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मायनं हात वढून घेतला होता. कापू देईना. मंग त्या मानसानं चालू मशीन आपल्या तळहातावर ठेवली. मंग माह्या हातावर ठेवली. काईच झालं नाई. गुदगुल्या झाल्या. पातं फिरतच नाई तिचं. नुसतं थरथरते."

मला ते पटलं नाही. पातं फिरत नाही तर कापतं कसं? पण दुसऱ्या दिवशी केंद्रात गर्दी ओसरल्यावर मी शोधलं. नाव सापडलं, मल्टी-टूल. मी व्हिडिओ लावला आणि आवाज बंद केला. एक माणूस दाराच्या चौकटीचं बूड फरशीला चिकटून कापत होता. चपटं पातं, दोन बोटं रुंद, फक्त पुढच्या कडेला दात. ते डावी-उजवीकडे इतकं थोडं हलत होतं की हलताना दिसतच नव्हतं, कड नुसती धूसर दिसत होती. मग त्याने फरशीत बसवलेल्या एका फळीवर पातं उभं धरलं, आणि ते लाकडात सरळ खाली उतरलं, फरशीच्याही खाली गेलं. कुठे उसळलं नाही. मी तो व्हिडिओ सहा-सात वेळा पाहिला. प्रत्येक वेळी, पातं लाकडाला टेकायच्या क्षणी, माझा डावा हात टेबलाखाली जात होता.

मिस्तरी उद्या येणार होते. मी बायकोला फोन करून बोलावून घेतलं. ती बसने आली.

मालेगावच्या ज्या दुकानातून मी पूर्वी खिळे-बिजागऱ्या घ्यायचो, त्याच दुकानात गेलो. जैन शेठजी, आता केस पांढरे झालेले. अकरा वर्षांत मी त्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो, रोज समोरून जात असूनही.

"या भाऊ," ते म्हणाले. "लय दिवसांनी." त्यांची नजर माझ्या खिशाकडे गेली आणि लगेच परत वर आली.

काय काम आहे ते बायकोनेच सांगितलं. शेठजींनी तीन मशिनी काउंटरवर मांडल्या.

पहिली बॅटरीची. शेठजींचा आग्रह तिच्यासाठीच होता. आमच्याकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही, बॅटरीवर काम अडत नाही, हे खरं होतं. मी ती उजव्या हातात घेतली आणि डाव्या हाताने पुढून धरायला गेलो. मोटारीचा भाग जाड होता. माझी दोन बोटं त्याच्याभोवती पुरली नाहीत. मशीन हातात कलंडली. मी ती खाली ठेवली आणि काही न बोलता बाजूला सारली.

दुसरी वायरची, सडपातळ, हातात छान बसली. पण तिला एकच वेग होता. बटन सरकवलं की एकदम पूर्ण जोरात. आणि पातं बसवायला बारीक स्क्रू, तो चावीने आवळायचा. मी बसवून पाहिला. डाव्या हातात स्क्रू धरला, सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला आणि काउंटरवरून खाली गेला. शेठजी वाकून शोधायला लागले.

तिसरीही वायरचीच, थोडी वजनदार. मान बारीक होती, दोन बोटांत येत होती. मागे वेगाचं चाक, एकपासून सहापर्यंत आकडे. पातं बदलायला वरती एक दांडी, ती उचलली की पातं सुटतं, दाबली की घट्ट. स्क्रू नाही, चावी नाही. मी फडक्यात पातं धरून ओढून पाहिलं. हललं नाही. वायर मोजली, हवेची छिद्रं पाहिली, बटन दोनदा मागेपुढे केलं. मशीन अजून बोर्डाला लावलेलीच नव्हती.

"चालू केल्याबिगर कसं समजन?" बायको म्हणाली.

"समजते मले."

"काय समजते? सापाले हात लावल्यासारखा हात लावून राह्यले तुमी."

शेठजींनी वायर बोर्डात घातली, वेग कमी केला, एक लाकडाची पट्टी ठेवली आणि मशीन माझ्यासमोर धरली. माझे दोन्ही हात खिशात होते. बायकोने ती घेतली. बटन सरकवलं.

तोच आवाज. मी मागे सरकलो, पाठ रंगाच्या डब्यांना लागली. बायकोने पातं पट्टीवर टेकवलं. भुसा उडाला, पट्टीत सरळ चीर पडली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. शेठजी पात्यांची पाकिटं काढायला मागच्या फळीकडे वळले.

"पाहा," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "फिरत नाई. काई होत नाई हिनं. दवाखान्यात माह्या हातावर ठेवली होती."

आणि तिने डाव्या हाताचा तळवा उघडला आणि चालू पातं त्याच्याकडे नेलं.

ते दवाखान्यातलं पातं नव्हतं. सागवान कापायचे दात होते त्याला. हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. मधली तीन पावलं कधी टाकली तेही आठवत नाही. एवढंच आठवतं की माझ्या उजव्या हातात मशीनचा दांडा होता, डाव्या हाताच्या दोन बोटांत आणि अंगठ्यात मशीनची बारीक मान होती, मी ती बायकोच्या हातातून हिसकावली होती आणि ती चालूच होती. थरथर मनगटातून कोपरापर्यंत येत होती. बटन कुठे आहे हे मी आताच दोनदा पाहिलं होतं आणि तरी मला ते सापडत नव्हतं. मी पातं भिंतीकडे केलं, माणसांपासून लांब, आणि तसाच धरून उभा राहिलो. शेठजींनी धावत येऊन बोर्डाचं बटन बंद केलं.

बायकोच्या तळव्यावर अंगठ्याखाली एक लाल रेघ उमटली होती. मग त्या रेघेवर रक्ताचे बारीक थेंब आले.

"वहिनी!" शेठजी ओरडले. "हे लाकडाचं पातं हाये. दवाखान्यातलं येगळं राहते. हे कापते!"

ती हाताकडे पाहत होती. घाबरलेली दिसत नव्हती, फसवल्यासारखी दिसत होती. शेठजींनी हळद का काय लावायला आणली, मग पट्टी सापडली. जखम खोल नव्हती, वरची कातडी तेवढी गेली होती. मी मशीन काउंटरवर ठेवली. बोटं तिच्यापासून सोडवायला वेळ लागला.

"हीच द्या," मी म्हटलं. "लाकडाची दोन पाती, लोखंडाचं एक."

"लोखंडाचं कायले? उंबरा लाकडाचा हाये ना?" शेठजींनी विचारलं.

"जुन्या चौकटीत खिळे असतात."

मेडशीच्या वाटेवर मोटारसायकल मी चालवत होतो. ती मागे बसली होती, खोकं मांडीवर, पट्टीचा हात वर धरलेला. मला राग आवरत नव्हता.

"बोट गेलं असतं म्हंजे?"

"गेलं नाई ना."

"दाखवायची काय गरज होती?"

"तुमाले दाखवाचं होतं," ती म्हणाली. वाऱ्यात तिचा आवाज तुटक येत होता. "तुमी त्या दिवशी दवाखान्यातून पळाले. माय अजून विचारते मले, तो कुठी गेलता म्हनून. मंग सांगा लागते, पानी आनाले. आज नाई पळाले तुमी."

मी गाडीचा वेग वाढवला.

सकाळी सहालाच मी उठलो. मिस्तरी दहाला येणार होते, त्याच्या आत मला हे करायचं होतं किंवा निदान जमत नाही हे कळायला हवं होतं. उंबऱ्यावर दोन्ही बाजूंना, चौकटीला लागून, पेन्सिलने रेघा मारल्या. मशीन बोर्डाला न लावताच गुडघ्यावर बसून हात कुठे राहील, कोपर कुठे टेकेल ते पाहिलं. डावा हात पात्याच्या पुढे कधीच येणार नाही, अशी बसायची जागा शोधली. खाटेवर माय उठून बसली होती आणि दारातून पाहत होती. बायको चुलीपाशी होती, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

वेग दोनवर ठेवला. बटन सरकवलं. आधी मशीन हवेतच धरून ठेवली, हात तिला सरावेपर्यंत. मग पातं रेघेवर टेकवलं.

लाकूड कठीण होतं. पातं आधी नुसतं घासलं, मग त्याला वाट सापडली. पिवळा भुसा फरशीवर पडायला लागला, सागाचा तो जुना तेलकट वास आला. मी जोर देत नव्हतो. थोडं कापायचं, काढायचं, पुन्हा घालायचं. वेग तीन केला. डाव्या बाजूची चीर एक पेर खाली गेली, मग दीड. माझा श्वास मला ऐकू येत होता.

मग आवाज बदलला.

मऊ घरघर होती, तिथे एकदम किंचाळी आली. लोखंड. हा आवाज मी ओळखत होतो. अकरा वर्षं मी तो ऐकला नव्हता आणि एक दिवसही विसरलो नव्हतो. माझं अंग आपोआप मागे झालं, खांदे कानांशी आले, डोळे मिटले. मी धक्क्याची वाट पाहत होतो. दोन्ही हात मशीनवर होते, सोडायचेही भान नव्हतं. मी वाट पाहत राहिलो.

धक्का आला नाही. पातं खिळ्यावर किंचाळत होतं, त्याच जागी. जळका वास आला. मी डोळे उघडले, बटन मागे ओढलं. धूर निघत होता. पात्याचे मधले दात झिजून गुळगुळीत झाले होते. बाकी काहीही झालं नव्हतं.

मशीन खाली ठेवायला गेलो, ती फरशीवर आपटली. बायको दारात येऊन उभी होती.

"झालं का रे?" मायने विचारलं.

"खिळा हाये," मी म्हटलं. "पातं बदलतो."

वायर काढली. दांडी उचलली, पातं सुटलं, गरम होतं. लोखंडाचं बसवलं. बायको जवळ आली नाही, मदत करू का म्हणून विचारलंही नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. पुन्हा सुरू केलं, वेग कमी ठेवला. खिळा कापला जाताना तसाच आवाज आला, आणि मी तो पूर्ण ऐकला. डोळे उघडे ठेवून. मिनिटभर लागलं असेल. मग पातं हलकं झालं आणि खालच्या लाकडात उतरलं.

डावी बाजू झाली, उजवी अर्धी झाली आणि लाईन गेली. नेमके तेव्हाच मिस्तरी आले. त्यांच्या पिशवीतून ग्राइंडर डोकावत होता, चकतीवर कव्हर नव्हतं. त्यांनी चिरा पाहिल्या, त्यांत बोट घालून पाहिलं.

"हे कायनं केलं भाऊ?"

मी मशीन दाखवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली, परत दिली. लाईनची वाट पाहत आम्ही ओट्यावर बसलो. बायकोने चहा दिला. अर्धा तास गेला, मग पाऊण. मिस्तरींना घाई होती.

"लाईन आली की उरलेलं मी ग्राइंडरनं उडवतो. दोन मिन्टाचं काम. तुमची मशीन चिंगूस हाये, वेळ लावते."

"त्याचं कव्हर कुठी हाये?"

"कव्हर? ते कोन लावते?" ते हसले. "कोपऱ्यात जात नाई मंग."

मी कप खाली ठेवला. डावा हात मांडीवर होता. मी तो उचलून आमच्या दोघांच्या मधे ओट्यावर ठेवला, पालथा, बोटं पसरून. गावात सगळ्यांना माहीत आहे काय झालं ते, त्यांनाही माहीत होतं. पण इतक्या जवळून, उजेडात, कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहू दिलं नव्हतं.

"माहं पन कव्हर पेटीतच होतं," मी म्हटलं. "कोपऱ्यात जात नव्हतं म्हनून."

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग समोर रस्त्याकडे. चहा संपवला. लाईन आली तेव्हा उठून आत गेले आणि ग्राइंडरची पिशवी दाराबाहेर ठेवली.

"करा तुमी तुमचं," ते म्हणाले. "मी थांबतो."

उजव्या बाजूलाही खिळा होताच. तोही कापला. मग मिस्तरींनी खाली सब्बल, म्हणजे पहार, घातली, दोघांनी मिळून दाबलं आणि उंबरा कुरकुरत वर आला. खालची जागा काळी, ओलसर होती, मुंग्यांनी पोखरलेली. चौकट हलली नाही, भिंतीतून मातीचा एक कणही पडला नाही. मिस्तरींनी ती जागा सिमेंटने भरली, बाहेरून आत सारखा उतार दिला. तीन दिवस पाय ठेवायचा नाही, असं सांगून गेले. ते तीन दिवस मायला बायकोने शेजारच्यांकडे नेलं. चौथ्या दिवशी माय एकटी आत गेली आणि एकटी बाहेर आली. आम्ही दोघं बाहेर उभे होतो, तर ती आमच्यावरच रागावली, उभं कायले राह्यले म्हणून.

पंधरा-वीस दिवसांनी मिस्तरींचा फोन आला. जवळच्या शिरपूरला एका घरी जुन्या फरशीवर नवीन फरशी टाकत होते, ती आत सरकावी म्हणून चार दारांच्या चौकटी खालून कापायच्या होत्या.

"ग्राइंडरनं फरशी खराब होते," ते म्हणाले. "तुमी येता का मशीन घेऊन?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. बायकोने मला विचार करू दिला नाही. रविवारी आम्ही दोघं गेलो. ग्राइंडरचं काम मी अजूनही करू शकत नाही. त्याच घरात मिस्तरी फरशी कापायला लागले तेव्हा मी अंगणात जाऊन थांबलो. का थांबलो ते मला कळत होतं आणि त्यांनाही. चकतीवर कव्हर होतं की नाही ते पाहायला मात्र मी दारातून एकदा डोकावलो. होतं. जुनं, चेमटलेलं, तारेने बांधलेलं.

पहिली तीन दारं चांगली झाली. चौथ्याला हात दमला आणि पातं शेवटी शेवटी जरा वर चढलं. गव्हाच्या दाण्याएवढा फरक. घरमालकाला दिसला नाही, मिस्तरी म्हणाले चालते. मी पिशवीतून पटाशी काढली, ती उजव्या हातात धरली, डाव्या हाताचा पंजा मागून लावला, आणि फरशीवर आडवं पडून ती कड हळूहळू सरळ करत बसलो.